आधी गुठळी की आधी गळती?

पिएर रेये या फ्रेंच वैद्याने १८४० साली एक निरीक्षण नोंदवले. लघवीतून भरपूर प्रथिने जाणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या शिरेत रक्ताची गुठळी आढळत होती. शीर तुंबली, मूत्रपिंडातला दाब वाढला, म्हणून प्रथिने गळू लागली, असा अर्थ पुढे शंभराहून अधिक वर्षे लावला गेला. अर्थ सरळ होता, पण उलटा होता!

रक्त का गोठते? प्रवाह मंदावला, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा झाली किंवा खुद्द रक्ताचे घटक बदलले तर. फिरखोवच्या १८५६ मधील लेखनाशी जोडली जाणारी ही तीन कारणे. येथे महत्त्वाचे ठरते तिसरे. आजारी गाळणीतून अल्ब्युमिनबरोबर जवळपास तेवढ्याच आकाराचे, गोठणे रोखणारे अँटिथ्रॉम्बिनही निसटते. तूट भरून काढताना यकृत फायब्रिनोजेनही जास्त बनवते. त्याचा रेणू मोठा, म्हणून तो रक्तातच राहतो. तराजू गोठण्याकडे झुकतो.

१९७० नंतर जिवंत रुग्णांच्या शिरांची क्ष-किरण चित्रे काढली गेली, तेव्हा अनेकांत गळती होती, गुठळी मात्र नव्हती. म्हणजे बहुधा गळती आधी, गुठळी नंतर.

उपचारही त्याला धरूनच होतात. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते, म्हणून हेपॅरिन, वॉरफेरिनसारखी औषधे तिची वाढ रोखतात. पण मूळ आजार आवरला नाही, तर धोका टळत नाही.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर विचारावा.