बोअरची मोटार, इलेक्ट्रिक गाडी आणि तेलाची जुनी ओळख

मे महिन्यात निलंग्यातल्या कुठल्याही रिवाइंडिंगच्या दुकानासमोर थांबून बघा. जळालेल्या मोटारींची रांग असते. चार इंची बोअरची मोटार खोलली की आतून काळं पडलेलं तेल निघतं. ते नुसतं वंगण नव्हे. वाइंडिंगची उष्णता तेल बाहेरच्या नळकांड्यापर्यंत नेतं, तिथून ती बोअरच्या पाण्यात जाते. पाणी खाली गेलं, मोटार उघडी पडली, की जळालीच म्हणून समजा.

आता इलेक्ट्रिक गाड्यांच्या निमित्तानं 'ऑइल कूलिंग' कानावर पडतंय. पण ही कल्पना जुनीच. आर्मेनियन वंशाच्या आर्मेस अरुतुनॉफनं तेलविहिरीत उतरवायची तेलभरली मोटार शंभर वर्षांपूर्वीच बनवली. 1930 मध्ये अमेरिकेत त्याची रेडा पंप कंपनी उभी राहिली. आपल्या बोअरची मोटार त्याच घराण्यातली.

वाहनांनी वेगळी वाट धरली. 3 फेब्रुवारी 1925 ला मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची रेल्वे धावली, तिच्या मोटारी हवेवर थंड व्हायच्या. कारमध्ये तेवढी जागा कुठली? म्हणून मोटारीभोवती पाण्याचं जॅकेट आलं. पण पाणी तांब्याला शिवू शकत नाही, त्यातून वीज वाहते. तेलातून वाहत नाही, म्हणून ते थेट वाइंडिंगवर सोडता येतं. उष्णता धरण्यात तेल पाण्याच्या जेमतेम निम्मं, तरी इथं तेच सरस ठरतं. टेस्लाच्या 2017 च्या मॉडेल थ्रीत हेच तेल मोटारीतही फिरतं आणि गिअरमध्येही.

आखणी मात्र सोपी नाही. तांबं 100 अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तेवढ्याच करंटला उष्णता आणखी जास्त. चुंबकं फार तापली तर त्यांची ताकद कायमची जाते. बरं, तेल जास्त सोडावं तर ते फिरत्या रोटरला अडतं आणि बॅटरी फुकट खातं. थंडीत तेच तेल घट्ट होतं. वायरच्या वार्निशला ते चालतंय का, हेही बघावं लागतं.

माझी काळजी वेगळीच आहे. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून डिसेंबर 2020 मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला, पोरांनी फॉर्म भरले, ते ठीकच. पण आपल्या गावातले वाइंडर? गाडीची मोटार सीलबंद येते, बिघडली की अख्खी बदला म्हणतात. जी माणसं तेलाच्या रंगावरून मोटारीचं दुखणं सांगतात, त्यांना ही मोटार उघडायला शिकवणारा महिनाभराचा वर्ग तालुक्यात का असू नये? पुढच्या आठवड्यात हे निवेदन तहसीलला देतोय. ज्यांना यायचंय त्यांनी या.