चारचौघांतला घाम

व्यायाम ही ज्याची त्याची साधना, ती एकांतातच साधते. चारचौघे जमले की गप्पा रंगतात आणि घाम राहून जातो, हे मत आपल्याकडे चांगलेच रुजले आहे. कल्याणजवळच्या शहाडमध्ये त्याला आणखी एक सबब मिळते. एकाची सेंच्युरी रेयॉन कारखान्यातली पाळी, दुसऱ्याची कसाऱ्याकडून येणारी लोकल. वेळ जुळावी कशी? मग घरातच चटई अंथरायची आणि मोबाईलमधला शिक्षक सांगेल तसे हातपाय हलवायचे.

या पूर्वपक्षापाशी शास्त्राचा दाखलाही आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांचा दोर ओढण्याचा जोर मोजला आणि १९१३ मध्ये निष्कर्ष छापले. माणसे वाढली तसा प्रत्येकाचा वाटा घटत गेला. आठ जणांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. घोळक्यात माणूस अंग चोरतो, हे मान्य. पण केव्हा? दोर एक, मापही एक, आणि कोणी किती ओढले हे कुणालाच कळत नाही, तेव्हा. तालमीत ती सोय नसते. तिथे ज्याचे जोर त्याच्याच नावावर मोजले जातात, वर वस्तादाची नजर असते. हौद्यात उतरल्यावर तर जोडीशिवाय लढतच नाही. ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाला १९२०च्या दशकात बर्लिनच्या नावाड्यांत नेमके उलटे आढळले: जोडीचे यश दुबळ्यावर अवलंबून असेल, तर तो दुबळा एकट्याने टिकला असता त्याहून जास्त वेळ टिकतो.

ऑक्सफर्डमधला प्रयोग याच्याही पुढे जातो. विद्यापीठाच्या बारा नावाड्यांनी वल्ही मारण्याच्या यंत्रावर एकदा एकेकट्याने, एकदा संघाने मेहनत केली. श्रम जवळपास सारखेच. तरी संघातल्या मेहनतीनंतर वेदना सोसण्याची ताकद अधिक वाढलेली दिसली. बारा माणसे थोडी आहेत, हा आक्षेप कुणी घेतला तर तो रास्त आहे. पण सोबत म्हणजे नुसती करमणूक, हे म्हणणे त्यानंतर तितक्या ठामपणे मांडता येत नाही.

राहता राहिली ‘साधना’. सूर्यनमस्काराइतका एकट्याचा व्यायाम दुसरा कोणता? तोच औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत, म्हणजे चारचौघांत, आणला. १९१४ मध्ये सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला प्रात्यक्षिके करून आले. पडद्यासमोरचा एकांत ही आपली परंपरा नव्हे, ती कालपरवाची सवय आहे.

आणि वेळेचे म्हणाल, तर एका पाळीतून सुटणाऱ्या चौघांची वेळ कारखान्याने आधीच जुळवून दिली आहे. त्यांनी एवढेच करावे: मोकळी जागा गाठावी आणि एकमेकांचे जोर मोठ्याने मोजावेत.