२ पॅरा (मराठा): केरेनपासून ढाक्यापर्यंत, आणि टांगाईलच्या ‘पाच हजार’ जवानांचा फोटो

१६ डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सअॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘१९७१ मध्ये पाच हजार भारतीय पॅराट्रूपर टांगाईलवर उतरले आणि ढाका पडलं.’ सोबत आकाशभर छत्र्यांचा एखादा फोटो. यातलं टांगाईल खरं, छत्र्या खऱ्या. आकडा मात्र खोटा. तो कुठून आला हे समजून घ्यायचं तर आधी ही पलटण कोणती ते पाहायला हवं, कारण तिचा आपल्याशी थेट संबंध आहे.

पलटण कोणती?

पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा (मराठा). मूळची ही मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. दुसऱ्या महायुद्धात ती ३/५ मराठा या नावाने १९४१ मध्ये आफ्रिकेत एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत लढली, नंतर इटलीत. इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली. त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे तोवर ठार किंवा जखमी झाले होते. ठाणं पडलं, पण लपलेल्या शत्रूच्या गोळीने घाडगेही गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले हे २२ वर्षांचे जवान आत्ताच्या रायगड जिल्ह्यातले.

युद्धानंतर बटालियनला पॅराशूटची भूमिका मिळाली. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ती ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये नौशेरा-झांगर भागात होती. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा पहिल्या तीन बटालियन पंजाब, मराठा आणि कुमाऊँ रेजिमेंटमधून आल्या, त्यातली दुसरी ही. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करताना तिची तुकडी पूर्वेकडून फोंड्यात शिरली. ही कामगिरी जमिनीवरूनच झाली, छत्री न उघडता. पॅराशूट पलटणींची बहुतेक लढाई अशी पायीच होते, हे सिनेमे पाहून लक्षात येत नाही.

टांगाईल, ११ डिसेंबर १९७१

उत्तरेत मैमनसिंगहून पाकिस्तानची ९३ ब्रिगेड ढाक्याकडे माघार घेत होती. ती ढाक्यात पोचली तर राजधानीचा बचाव पक्का होणार. वाटेत टांगाईलजवळ लोहाजंग नदीवर पुंगली पूल होता. तो ताब्यात घ्यायचा आणि रस्ता तोडायचा, एवढं काम.

ते मिळालं लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या २ पॅराला. सोबत तोफखाना, इंजिनिअर आणि वैद्यकीय तुकडी. सगळे मिळून साधारण साडेसातशे जण. अँटोनोव्ह-१२, पॅकेट, डकोटा, कॅरिबू अशा चार जातींची पन्नासच्या आसपास विमानं.

आता जरा गणित करू, कारण मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. विमान ताशी २०० किलोमीटरने जातंय असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. एका दारातून दर सेकंदाला एक जवान उडी मारत असेल, तर विसाव्या जवानाच्या पायाखालची जमीन पहिल्यापेक्षा एक किलोमीटर पुढची असते. कोणी दारात दोन सेकंद अडखळला की मागचे सगळे आणखी ११० मीटर लांब. छत्री उघडायची वेळ जवान ठरवत नाही. तिचा पट्टा विमानातल्या तारेला अडकवलेला असतो आणि उडी मारताच तो छत्री खेचून उघडतो. याला स्टॅटिक लाइन म्हणतात. त्या काळच्या गोल छत्र्यांना फारसं वळवताही येत नव्हतं. वारा सेकंदाला पाच मीटर असेल आणि खाली यायला एक मिनिट लागत असेल, तर माणूस ३०० मीटर वाहत जाणार. जीपीएस नाही, मोबाइल नाही. त्यामुळे अशा कामगिरीत ‘उतरलो’ आणि ‘लढायला तयार झालो’ यांत बराच वेळ जातो, आणि सगळ्यात जास्त धोका त्याच वेळात असतो.

यावर एक उपाय आधीच केला होता. ब्रिगेडच्या सिग्नल्समधले कॅप्टन पी. के. घोष लढाईच्या आधीच वायरलेस घेऊन गुपचूप त्या भागात शिरले होते. कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीच्या गटाशी संपर्क ठेवणं आणि उतरायच्या मैदानाची तयारी करणं हे त्यांचं काम. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइव्ह लोकेशन पाठवणारा माणूस.

दुपारी साडेचारच्या सुमारास उड्या सुरू झाल्या. जवान पांगले, काही अवजड सामान तळ्यांत गेलं. पण गावकरी धावत आले, दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पोचवू लागले. अंधार पडल्यावर काही तासांतच पूल २ पॅराच्या हातात होता. माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या रात्रभर त्यावर धडकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेच्या संध्याकाळी, जमालपूर घेऊन रस्त्याने आलेली १ मराठा लाइट इन्फन्ट्री पुलावर त्यांना येऊन मिळाली. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूलाही मराठे.

मग पाच हजार कुठून आले?

सैन्याचे तेव्हाचे जनसंपर्क अधिकारी होते राममोहन राव. बातमीसोबत द्यायला प्रत्यक्ष उडीचा फोटो हातात नव्हता. म्हणून त्यांनी ५० पॅरा ब्रिगेडच्या आग्र्यातल्या आधीच्या एका सरावाचा फोटो पत्रकारांना दिला. फोटो जुना आहे हे खालच्या ओळीत लिहिलेलं नव्हतं. हे त्यांनीच नंतर सांगितलंय. फोटोत आकाश छत्र्यांनी भरलेलं, बातमीत ‘ब्रिगेड उतरली’. परदेशी वर्तमानपत्रांनी आकडा पाच हजार छापला.

फोटो खराच होता, त्यात काही जोडलेलं नव्हतं. खोटी होती ती फक्त त्याची तारीख आणि जागा. आज फिरणाऱ्या बनावट पोस्टपैकी कित्येक अशाच असतात. एआयने बनवायची गरजच पडत नाही, जुना फोटो पुरतो.

‘या फोटोनेच युद्ध जिंकलं’ असंही वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. सैन्य चारही बाजूंनी ढाक्याकडे सरकत होतं, नौदलाने समुद्र अडवला होता, १४ डिसेंबरला हवाई दलाने ढाक्यातल्या गव्हर्नर हाउसवर हल्ला केला. घाबरलेल्या शत्रूला मोठा आकडा आणखी घाबरवतो, इतकंच म्हणता येईल. शिवाय युद्धात शत्रूला फसवणं वेगळं आणि तोच आकडा ५० वर्षांनी आपल्याच लोकांना इतिहास म्हणून फॉरवर्ड करणं वेगळं.

असा फोटो आला तर

गुगल लेन्समध्ये टाका. लेन्स चित्रातले आकार आणि रंग आकड्यांत बदलून त्यांच्याकडच्या साठ्याशी जुळवतं. फोटो आधी कुठे छापला असेल तर बऱ्याचदा सापडतो. पण इथे एक मेख आहे. आग्र्याचा तो फोटो आधी कुठे प्रसिद्धच झाला नसता, तर लेन्सलाही काही मिळालं नसतं. म्हणून ‘लेन्सवर काही आलं नाही’ याचा अर्थ ‘फोटो नवा आहे’ असा काढू नका.

एक्सिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये लपलेली तारीख आणि जागा, इथे फारशी कामाची नाही. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच टिकते, आणि ती बदलणंही सोपं असतं.

उरतं ते चित्रच. टांगाईलची उडी डिसेंबरमधली, सूर्य मावळायच्या थोडी आधी झाली. मग सावल्या लांब हव्यात. उभ्या उन्हातल्या, पायाशी आखूड सावली असलेल्या जवानांचा फोटो त्या दुपारचा असूच शकत नाही. आणि छत्र्या मोजा. एका फ्रेममध्ये मावलेल्या छत्र्यांवरून ‘पाच हजार’ कोणालाच कळत नसतं. तो आकडा नेहमी खालच्या ओळीतून येतो.

साडेसातशेंच्या त्या पलटणीचं पुढे काय झालं? ती टांगाईलहून ढाक्याकडे निघाली. १६ डिसेंबरच्या सकाळी मिरपूर पुलावरून मेजर जनरल नागरा यांची चिठ्ठी घेऊन जीप जनरल नियाझींकडे गेली, तिच्यात २ पॅराचे कॅप्टन निर्भय शर्मा होते. त्यानंतर ढाक्यात शिरलेली पहिली भारतीय पलटण हीच. त्याच दुपारी नियाझींनी शरणागतीवर सही केली. पुढे ही बटालियन स्पेशल फोर्सेस झाली. आज तिचं नाव २ पॅरा (एसएफ).