दुखणाईत घोडा आणि दूरची मजल

साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधि आहे. ती पाहतांना दर वेळीं आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहतो. ज्या घोड्यांच्या पाठीवर हें राज्य १७५८ सालीं थेट अटकेपर्यंत पोंचलें, त्यांचें काय झालें? रणांत पडलेल्या घोड्यांचा उल्लेख बखरींत अधूनमधून सांपडतो. परंतु वाटेंत आजारी पडलेलें जनावर शेंकडों कोस कसें न्यावें, कीं नेऊंच नये, ही काळजी ज्यांनीं रोज वाहिली त्या सामान्य स्वारांकडे आमचें लक्ष सहसा जात नाहीं.

ही काळजी केवळ भूतदयेची नव्हती. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचा घोडा मात्र त्याचा स्वतःचा असे, आणि तोच त्याच्या पोटाचा आधार असे. माण, नीरा, भीमा आणि गोदावरी यांच्या कांठीं निपजणाऱ्या घोड्यांच्या तोडीचे घोडे दख्खनमध्यें अन्यत्र नाहींत, असा अभिप्राय साताऱ्यास राहिलेल्या ग्रँट डफनें आपल्या इतिहासांत दिला आहे. माणदेशच्या एखाद्या शिलेदारानें असा घोडा गमावला म्हणजे त्याची चाकरीच धोक्यांत येई. म्हणून ऐन लढाईंत शिलेदार घोडा राखून लढतो, असा बोल त्याला लागला. पण ज्याला दुसरा घोडा घेण्याची ऐपत नाहीं त्यानें दुसरें काय करावें?

लांबच्या मजलेंत घोडा खचतो तो बहुधा तीन ठिकाणीं : पोट, पाठ आणि पाय. घोड्याला वांति होत नाहीं. जें पोटांत गेलें तें पुढेंच सरकलें पाहिजे. म्हणून थकलेल्या घोड्यापुढें एकदम भरला तोबरा ठेवला, किंवा नव्या मुलखांत चंदी अचानक बदलली, तर पोटशूळ उठून तो रातोरात जातो. अति चंदीनें खुरांतही दाह होतो, आणि मग त्याला एक पाऊल टाकवत नाहीं. पाठीचें दुखणें याहून कपटी. आजारानें घोडा वाळला कीं काल अंगाबरोबर बसणारें खोगीर आज हाडावर घासूं लागतें. पाठ एकदां लागली कीं स्वारी संपली. अशा वेळीं खोगीराची भरती उसवून जखमेपुरती पोकळी ठेवावी, अथवा स्वारानें खालीं उतरून चालावें. (निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणतों खरे, पण ती भरती कशी बसली आहे यावर कित्येकदां स्वाराचा जीव अवलंबून असे.) घोड्याची मान फार वेळ वर बांधून ठेवली तर छातींतला कफ बाहेर पडत नाहीं व फुप्फुस बिघडतें, हें आजचें पशुवैद्यकही सांगतें. मोटारींतून घोडा नेतांना मधून मधून थांबून त्याला मान खालीं घालूं द्यावी लागते, ती याचसाठीं.

परंतु उत्तम उपाय वाटेवरचा नव्हे, मुक्कामाचा. सभासदानें जिंजीस लिहिलेल्या बखरींत शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था दिली आहे. पावसाळ्यांत लष्करानें छावणीस परत यावें आणि तेथें दाणा, वैरण, औषधें व गवतानें शाकारलेलीं घरें आधींच सिद्ध असावीं, असें त्यांत आहे. औषधांचा उल्लेख आम्हांस फार बोलका वाटतो. दसऱ्यास बाहेर पडलेलें जनावर उन्हाळाअखेर दुखणें घेऊनच परतणार, हें तेथें गृहीत धरलेलें आहे. कुंभार्ली घाटाखालीं चिपळूणच्या बाजूस तळ देऊन राहिलेल्या लष्करास महाराजांनीं लिहिलेलें पत्रही सर्वश्रुत आहे. दाणा-वैरण आतांच उडवलीत तर ऐन पावसांत घोडीं उपाशी मरतील, आणि तीं तुम्हींच मारलींत असें होईल, असा त्याचा आशय. उंदरानें जळती वात नेऊन गवताच्या गंजीला आग लागेल, एवढ्या बारकाव्यापर्यंत त्यांत बजावलें आहे.

याच्या उलट चित्र साताऱ्यानेंच पाहिलें. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेबानें अजिंक्यताऱ्यास वेढा घातला; १७०० च्या एप्रिलांत किल्ला पडला, जूनमध्यें परळीही गेली. मग भर पावसांत बादशहानें भूषणगडाकडे कूच केलें. अंतर अवघें चाळीस-पंचेचाळीस मैल, पण त्याला महिन्याहून अधिक दिवस लागले. ओझ्याचीं जनावरें वेढ्यांतच अर्धमेलीं झालीं होतीं. जीं उरलीं तीं चिखलांत रुतून मेलीं. पुढें ऑक्टोबरांत खवासपुरास माण नदीला रात्रीं पूर आला आणि छावणी वाहून गेली. जी माण बहुतेक वर्ष वाळूच दाखविते, तिनेंच हें करावें! थकलेल्या जनावराला विसांवा न देतां हांकण्याची किंमत त्या लष्करानें पुरेपूर मोजली.

मराठ्यांनींही पुढें हाच धडा टाकला. १७६० च्या मार्चांत निघालेली भाऊसाहेबांची फौज पावसाळ्यांत घरीं परतली नाहीं. पानिपतावर दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडली गेल्यावर वैरण संपली, घोडीं अन्नावांचून मेलीं, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं कित्येक स्वार पायींच लढले. त्या दिवसाच्या डावपेंचांवर पुष्कळ वाद झाला आहे. आमच्या मतें त्या वादांत रिकाम्या तोबऱ्यांना अधिक जागा मिळावयास हवी होती.

पागा गेल्या, शिलेदारही गेले. भीमथडी घोडा मात्र उरला, तो धनगरांच्या कळपाबरोबर. दिवाळीच्या सुमारास फलटण-माणकडचे वाडे मेंढरें घेऊन निघतात. त्यांतले कित्येक घाट उतरून कोंकणांत जातात. संसार, भांडीं, कोंकरें, कोंबड्या सारें तट्टांच्या पाठीवर असतें. एखादें तट्टू लंगडूं लागलें तर त्याचें ओझें उतरवून बाकीच्यांवर आणि माणसांच्या डोक्यावर वांटून देतात, तें रिकामें मागून चालतें, आणि त्या दिवसाचा तळ अलीकडेच पडतो.