हा ट्रॅक्टर कुणाच्या शेतासाठी जन्मला?

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या गावात रेंज बांधापर्यंतच येते, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललेय तसंच लिहिलंय, थोडं झाडून-पुसून.

नवा फोन दिसला की आपण विचारतो, किती जीबी? गावात नवा ट्रॅक्टर दिसला की विचारतात, किती एचपी? प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. १५ एचपी आणि २४ एचपी यांत फक्त नऊ घोड्यांचा फरक नसतो. प्रत्येक छोट्या ट्रॅक्टरच्या मागे एक शेत असतं, ज्या शेताकडे बघून कुणीतरी तो पहिल्यांदा आखला. ते शेत आणि तुमचं शेत जुळलं तर तो ट्रॅक्टर वीस वर्षं निघतो. नाही जुळलं तर तो अंगणात उभा राहतो आणि हप्ता चालू राहतो.

सुरुवात हेन्री फोर्डपासून. १९१७ साली त्याचा फोर्डसन ट्रॅक्टर आला आणि लाखोंनी विकला गेला. पण त्यात एक भयंकर खोड होती. नांगर साखळीने मागे ओढायचा. फाळ दगडात किंवा मुळात अडकला की चाकं फिरत राहायची आणि ट्रॅक्टरचं तोंडच वर उचलायचं. घोड्यासारखा तो मागच्या दोन चाकांवर उभा राहून उलटायचा, चालकाच्या अंगावर. माणसं मेली त्यात. यावर त्या काळचा उपाय काय? ट्रॅक्टर आणखी जड करा. जड म्हणजे महाग, जड म्हणजे जास्त तेल आणि खाली दाबली गेलेली माती.

हॅरी फर्ग्युसनला हे पटत नव्हतं. जन्म १८८४, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, बेलफास्टमध्ये गॅरेज. १९०९ साली स्वतः बनवलेलं विमान स्वतःच उडवलेला माणूस, म्हणजे डोक्यात किडा होताच. तिकडची शेतं लहान, उताराची, दगडी बांधांनी वेढलेली. पहिल्या महायुद्धात सरकारी कृषी खात्याने त्याला ट्रॅक्टर नीट वापरले जातात का हे बघायला पाठवलं, आणि त्याच्या लक्षात आलं की गोची इंजिनात नाही, जोडणीत आहे. नांगर मागून ओढायचा नाही, तो ट्रॅक्टरच्या अंगाचाच भाग झाला पाहिजे.

त्यातून आली ती तीन दांड्यांची जोडणी. खाली दोन, वर एक. आज आपण तिला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतो. नांगर अडकला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो आणि तोंड खाली दाबून ठेवतो. नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे पकड मिळते. शिवाय हायड्रोलिक लिफ्ट ओढ वाढली की नांगर आपोआप किंचित वर घेते. म्हणजे वजन कायमचं विकत घ्यायचं नाही, लागेल तेवढ्या वेळापुरतं उसनं घ्यायचं. हलका ट्रॅक्टर खरंच काम करू शकतो, हे तिथे सिद्ध झालं.

१९३८ साली फर्ग्युसनने अमेरिकेत हेन्री फोर्डला हे दाखवलं. करार कागदावर नाही, हातात हात देऊन झाला. १९३९ ला फोर्ड ९एन बाजारात आला. मग १९४७ मध्ये फोर्डच्या नातवाने तो तोंडी करार मोडला, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. (वाटणी तोंडी करणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.) इकडे १९४६ पासून इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत त्याचा स्वतःचा करड्या रंगाचा टीई-२० बनू लागला होता. दहा वर्षांत पाच लाखांच्या वर गाड्या. त्यात द्राक्षमळ्यांसाठी खास अरुंद आवृत्तीही होती, हे नीट लक्षात ठेवा. १९५८ च्या जानेवारीत एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो पट्टे लावलेल्या याच ट्रॅक्टरांवर. पुढे फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. आपल्याकडे ज्याला नुसतं 'मॅसी' म्हणतात, त्याचं मूळ हे. आज कुठल्याही कंपनीचा छोटा ट्रॅक्टर घ्या, मागचे तीन दांडे त्या आयरिश माणसाचेच.

आता जपान. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे जमीन सुधारणा झाल्या, कुळं मालक झाली आणि बहुतेकांच्या वाट्याला आली साधारण हेक्टरभर जमीन. पीक भात. म्हणजे चिखल. चिखलात नांगराची ओढ महत्त्वाची नसते, महत्त्वाचं असतं रुतून न बसणं आणि चिखल घुसळणं. आधी हातात धरून चालवायचे पॉवर टिलर आले. मग बसून चालवायचा, हलका, चारही चाकांनी ओढणारा, मागे रोटर लावलेला ट्रॅक्टर आला. रोटर म्हणजे आपला रोटाव्हेटर. तो मूळचा ऑस्ट्रेलियातल्या क्लिफर्ड हॉवर्डच्या डोक्यातून निघाला, पण त्याचं खरं सोनं जपानच्या भाताने केलं. कारण साधं आहे. नांगर ट्रॅक्टरला मागे खेचतो. रोटरची पाती फिरताना ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. मग ओढण्यासाठी वजन कशाला हवं? ताकद पीटीओच्या दांड्यातून गेली की झालं.

कुबोटाने १९६९ मध्ये असा २१ एचपीचा ट्रॅक्टर अमेरिकेत नेला. तिथल्या मोठ्या कंपन्यांचं लक्ष मोठ्या ट्रॅक्टरांवर होतं. थोड्याच वर्षांत जॉन डिअरलासुद्धा छोटे ट्रॅक्टर जपानच्या यानमारकडून बनवून घ्यावे लागले. 'कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर' म्हणून जो प्रकार आज जगभर ओळखला जातो, तो असा भाताच्या खाचरातून वर आला.

आणि आपल्याकडे? १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला भारतीय ट्रॅक्टर बनला. १९७४ मध्ये स्वराज ७२४ आला. त्याचं डिझाइन दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेतलं, परदेशी कंपनीचा हात न धरता केलेलं. हे दोन्ही पंचविशीच्या आसपासचे, म्हणजे आजच्या हिशेबात छोटेच. पण नंतर घोडे वाढत गेले आणि आज देशात सगळ्यात जास्त खपतात ते ४१ ते ५० एचपीवाले. का? कारण आपल्याकडे ट्रॅक्टर फक्त शेतात चालत नाही. तो ऊस कारखान्यावर नेतो, कांदा मार्केटला नेतो, वाळू-विटा वाहतो, दुसऱ्याच्या रानात भाड्याने जातो, आणि खोटं कशाला बोलू, वरातीतही नाचतो. हे ट्रॉलीसाठी जन्मलेले ट्रॅक्टर आहेत.

तिकडे घोडे वाढत होते आणि इकडे जमीन आटत होती. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर. म्हणजे आजोबांच्या दहा एकरांतले नातवाकडे तीन-सव्वातीन. ट्रॅक्टर मोठा आणि शेत लहान, असं उलटं गणित झालं.

सौराष्ट्रातल्या लोकांनी यावर आपला मार्ग काढला. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानींनी १९९४ च्या सुमारास एनफिल्ड बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि कोळपं जोडलं. 'बुलेट सांती' नाव पडलं त्याला. कापूस-भुईमुगाच्या दोन ओळींमधून बैलासारखं चालणारं यंत्र त्यांना हवं होतं. पुढे राजकोटच्या कारखान्यांतून मिनी ट्रॅक्टर निघू लागले, त्यांचीही गरज तीच: ओळीत मावणं. महिंद्राचा १५ एचपी, एका सिलेंडरचा युवराज हा याच गरजेला दिलेलं उत्तर. दुसरीकडून जपानी रक्ताचे आले. बंगळुरूच्या व्हीएसटीचा साडेअठरा एचपीचा मित्सुबिशी शक्ती, मग कुबोटाचा २४ एचपीचा निओस्टार. आणि २०२३ च्या १५ ऑगस्टला महिंद्राने केपटाउनमध्ये जाहीर केलेली ओजा मालिका, जी जपानमधल्या मित्सुबिशी महिंद्राबरोबर मिळून तयार केलेली आहे.

एवढा इतिहास मी वाचत बसले त्याला कारण घरातलंच. निफाड तालुक्यात माझा मामेभाऊ आहे. पाच एकरांची वाटणी होऊन त्याच्याकडे अडीच एकर द्राक्षबाग आली. दोघा भावांचं सध्या बोलणं नाही, त्यामुळे ट्रॅक्टर सामाईक घ्या हा शहाणपणाचा सल्ला तिथे चालत नाही. आणि समजा बोलणं असतं तरी प्रश्न सुटत नव्हता. अवकाळी पडून गेला की डाउनीच्या भीतीने सगळ्या शिवाराला एकाच सकाळी फवारायचं असतं. भाड्याचा ट्रॅक्टर त्या सकाळी कुणालाच मिळत नाही. छोट्या शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र लागतं ते हौसेपोटी नाही, त्या चार तासांसाठी.

त्याने विचारलं, "ताई, तू एवढं वाचतेस, सांग ना, कुठला घेऊ?" मामा मागून ओरडले, "अगं, त्याला सांग, जुना पस्तीसवाला घे म्हणावं. उद्या विकायला काढला तर गिऱ्हाईक तरी येईल!"

मग मी त्याच्याकडून मापं मागवली. ओळीतलं अंतर नऊ फूट. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, भागिले नऊ: एकराला साधारण दीड किलोमीटर ओळ. अडीच एकरांच्या एका फवारणीत ट्रॅक्टर पावणेचार किलोमीटर चालतो. हंगामात नुसत्या तीस फवारण्या धरल्या तरी शंभर किलोमीटरच्या वर, आणि तेही दरवेळी त्याच दोन चाकोऱ्यांवरून, वेलीच्या मुळांशेजारून. इथे ट्रॅक्टरचं वजन हा मुख्य मुद्दा होतो. जुना पस्तीसवाला मांडवाखाली शिरेलही, पण फुटवे मोडत आणि माती दाबत. तो ट्रॉलीसाठी जन्मलाय.

मग १५ की २४? एका सिलेंडरवाला स्वस्त, डिझेल कमी पितो, गावचा मेकॅनिक डोळे झाकून खोलतो. नुसती कोळपणी असती तर मी तोच सांगितला असता. पण बागेतलं खरं काम ब्लोअरचं. ६०० लिटरची टाकी म्हणजे सहाशे किलो पाणी मागे, वर पंखा फिरवायला पीटीओला सतत ताकद, आणि पाऊस पडून गेल्यावर वाफसा नसताना काळ्या मातीत चालायचं. चिखल, हलकं वजन, चारही चाकांची ओढ, पीटीओची ताकद: हे भाताच्या खाचराचंच वर्णन नाही का? निफाडची द्राक्षबाग त्या सकाळी जपानसारखी वागते. म्हणून माझं मत फोर व्हीलवाल्या २४ च्या बाजूने पडलं. ट्रॉली मात्र त्याने विसरावी. भरलेली ट्रॉली उतारावर हलक्या ट्रॅक्टरला ढकलत नेते, आणि ब्लोअर निम्मा धंदा सांभाळत असेल तर माल न्यायला वर्षातून चार वेळा पिकअप भाड्याने परवडते.

पण जपानच्या गोष्टीचा एक भाग मी मामेभावाला मुद्दाम सांगितला. तिथे हेक्टरभर जमिनीवर घरटी एकेक यंत्र आलं. वेळ वाचला, कष्ट वाचले, पण हप्ते शेतीतून फिटेनात. घरातली माणसं कारखान्यात, ऑफिसात कामाला लागली आणि शेती रविवारची झाली. 'यंत्रांमुळे आलेली गरिबी' अशा अर्थाचा शब्दच त्यांच्या भाषेत रूढ झाला. छोट्या ट्रॅक्टरने छोटी शेती वाचवली असं म्हणायचं असेल, तर त्यात पगाराच्या पैशांचा वाटा केवढा होता हेही सांगायला हवं.

हे ऐकून तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे हप्ता बागेतून नाही, वहिनीच्या पगारातून जाणार, असंच ना?" त्याची बायको, जिला तो माझ्यासमोर 'तुझी वहिनी' म्हणतो, पिंपळगावला नोकरी करते. मी म्हटलं, एका गारपिटीचं वर्ष धर आणि मग हिशेब मांड. त्याने वहीत मांडला. नव्याचा हप्ता त्या वर्षी बसत नव्हता. आता दोन-तीन वर्षं वापरलेला, तासांचं मीटर चालू असलेला फोर व्हील शोधणं सुरू आहे. वहिनी म्हणाल्या, कर्जाचा आकडा आधी मी बघणार, मग रंग बघा.

बँकेत जामीनदार म्हणून सही माझी आहे, त्यामुळे मी एकच अट घातली आहे. डेमो विकणाऱ्याच्या अंगणात बघायचा नाही. ब्लोअरची टाकी काठोकाठ भरायची, रात्री ठिबक चालवून ओली केलेली ओळ निवडायची, आणि शेवटच्या खांबापाशी तो एका दमात वळतो की दोनदा मागे-पुढे करावा लागतो, ते मोजायचं. पुढच्या रविवारी एक गाडी बघायला लासलगावकडे जातोय. मामा येणार आहेत, टेप त्यांच्याच खिशात असेल.