शिराझ (द्राक्ष)

शिराझ : तांबडी वाइन तयार करण्यासाठी लावण्यात येणारा काळ्या द्राक्षाचा एक वाण. फ्रान्समध्ये यास ‘सिरा’ म्हणतात. शास्त्रीय नाव व्हिटिस व्हिनिफेरा, कुल–व्हायटेसी. मणी लहान, लांबट-गोल व काळसर निळे असतात.

उगम : या वाणाचे नाव इराणमधील शिराझ शहरावरून पडले असा समज दीर्घकाळ रूढ होता. तेराव्या शतकात धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदाराने त्याची वेल फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात आणून लावली, अशी आख्यायिका आहे. शिराझ शहराची वाइन मोगल काळात हिंदुस्थानातही येत असे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निअर याने तिचा उल्लेख केला आहे. तथापि ती वाइन व हा वाण यांचा संबंध केवळ नामसाम्याचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कॅरोल मेरेडिथ व फ्रेंच संशोधक यांनी १९९८ मध्ये डीएनए चाचणीने या वाणाचे जनक निश्चित केले. ‘द्यूरेझा’ हा आर्देश भागातील काळा व ‘माँदझ ब्लांश’ हा साव्हॉय भागातील पांढरा, हे दोन्ही वाण आग्नेय फ्रान्समधीलच आहेत. त्यांच्या संकरातून शिराझ उत्पन्न झाला. जेम्स बझ्बी याने १८३१ मध्ये युरोपात जमविलेल्या कलमांबरोबर तो ऑस्ट्रेलियात गेला व तेथे ‘शिराझ’ हेच नाव रूढ झाले.

महाराष्ट्रातील लागवड : पिंपरी-चिंचवड व चाकण हा कारखान्यांचा पट्टा ओलांडून पुणे–नासिक मार्गाने उत्तरेस गेल्यावर नारायणगावचा द्राक्षबागांचा प्रदेश लागतो. येथे १९८० नंतरच्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू झाले. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर या व्यवसायास, विशेषतः नासिक जिल्ह्यात, चालना मिळाली. तांबड्या वाइनसाठी शिराझ हा येथील एक प्रमुख वाण ठरला. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते. येथे तशी थंडी नसल्याने वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळ्याअखेर फळछाटणी करतात. फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाचा ताप वाढत असताना पिकते.

आस्वाद : वाइनची पारख रंग, गंध व चव या क्रमाने करतात. गराचा रस जवळजवळ रंगहीन असतो. सालीसह किण्वन केल्याने गडद रंग व टॅनिनांमुळे तुरटपणा येतो. शिराझच्या वाइनला मिऱ्यासारखा वास असतो. तो रोटंडोन या संयुगामुळे येतो, असे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये दाखविले. हेच संयुग काळ्या मिऱ्यातही असते. थंड हवेत पिकलेल्या फळात ते अधिक साठते, तर उष्ण प्रदेशातील वाइनमध्ये पक्व फळाचा स्वाद पुढे येतो. यामुळे एकाच वाणाची वाइन ऱ्होनच्या खोऱ्यात व दख्खनच्या पठारावर वेगवेगळी लागते. चवीवरून हवामानाचा अंदाज बांधता येतो; वाणाचे कुळ मात्र नावावरून वा चवीवरून ठरविता येत नाही.