कॉन्ड्युटचे अर्थिंग व बाँडिंग

तारा वाहून नेणारी लोखंडी नळी म्हणजे कॉन्ड्युट. ती, तिच्यावरचे जंक्शन बॉक्स, पॅनलची बॉडी आणि मोटरचा सांगाडा सलग जोडून घेणे म्हणजे बाँडिंग. हा सगळा धातू जमिनीशी जोडणे म्हणजे अर्थिंग. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांना महावितरणचा पुरवठा २२ किलोव्होल्टने मिळतो आणि आवारातला ट्रान्स्फॉर्मर तो ४३३ व्होल्टवर उतरवतो. २५० ते ६५० व्होल्टच्या यंत्रांना दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यात, ही १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतली अट केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही कायम राहिली. तरीही प्रत्यक्षात सगळे लक्ष जमिनीतल्या अर्थच्या खड्ड्याकडे जाते आणि सांधे दुर्लक्षित राहतात. पुण्यात तर हे अधिकच चुकीचे आहे.

शहराखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. मीठ-कोळसा भरलेला खड्डा पावसाळ्यात ठीक वाटतो; मे महिन्यात मुरूम कोरडा पडला की त्याचा रोध चढतो. समजा, ट्रान्स्फॉर्मरच्या न्यूट्रलचा आणि मोटरचा खड्डा प्रत्येकी ४ ओहमचा, म्हणजे चांगलाच आहे. फेजची तार मोटरच्या बॉडीला लागली आणि परतीचा मार्ग फक्त मातीतून असला, तर २४० व्होल्टला जेमतेम ३० अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, पडणारच नाही आणि बॉडीवर सुमारे १२० व्होल्ट तसेच राहतील. हाच मार्ग धातूतून न्यूट्रलपर्यंत सलग असेल आणि एकूण रोध अर्धा ओहम असेल, तर प्रवाह ४८० अँपिअरवर जातो आणि सी प्रकारचा तोच एमसीबी क्षणात पडतो. माणूस वाचतो तो या धातूच्या वाटेमुळे. ६५० व्होल्टच्या वर मात्र जमिनीतल्या जाळीलाही तेवढेच महत्त्व येते, कारण तिथे पायाखालचा आणि हाताला लागणारा दाब आटोक्यात ठेवायचा असतो.

कॉन्ड्युट स्वतःच लोखंडाची, मग वेगळी अर्थची तार कशाला, असे विचारले जाते. काळ्या एनॅमलच्या नळीचा बॉक्समधला सांधा उघडून पाहावा: चेकनट रंगावरच घट्ट बसलेला असतो, आट्यांत गंज असतो. मल्टिमीटर अशा सांध्यालाही जवळजवळ शून्य ओहम दाखवू शकतो, कारण त्याच्या क्षीण प्रवाहाला एक ठिपकाभर स्पर्श पुरतो. शेकडो अँपिअरला तो पुरत नाही. म्हणून रंग खरवडून धातू उघडा करावा, आतून-बाहेरून चेकनट आवळावेत आणि सांध्यावरून तांब्याची तार ओढावी. दुसरा आक्षेप: गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी असताना हे सगळे कशाला? ३० मिलिअँपिअरचे हे उपकरण खड्ड्याचा रोध जास्त असला तरी काम करते, हे खरेच. पण त्याचे टेस्ट बटण फक्त उपकरण तपासते, अर्थची वाट तपासत नाही. ती तुटलेली असली तर बॉडी जिवंत राहते आणि कोणी हात लावेपर्यंत आरसीसीबीला काही कळत नाही. म्हणून सर्वांत लांबच्या मोटरपासून पॅनलपर्यंतचा रोध मोठ्या प्रवाहाने, पावसाळा सरल्यावर, दरवर्षी मोजावा.